क्लॉप यांच्यानंतर कोण?

प्रेषक: चेस्टरकर
२८ जानेवारी २०२४

सर्व सभासदांस, स. न. वि. वि.

लिव्हरपूल फुटबॉल क्लबचे व्यवस्थापक युर्गन क्लॉप यांनी परवा शुक्रवारी हंगामाअखेर क्लब सोडत असल्याचे जाहीर केले आणि मला आलेल्या फोनांवरून मंडळातल्या निम्म्या घरांत सुतक पाळले जात असावे असे दिसते. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये आल्यापासून त्यांनी चॅम्पियन्स लीग जिंकून दिली, तीस वर्षांनी लीगचे विजेतेपद परत आणले, आणि आता अंगातली ऊर्जा संपत आली आहे असे ते स्वतःच म्हणत असतील तर त्यांना अडवण्यात अर्थ नाही. प्रश्न पुढच्याचा आहे, आणि माझ्यापुरते उत्तर एकच आहे : झाबी अलोन्सो.

इस्तंबूलला २००५ च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात, लिव्हरपूलकडून खेळताना, मिलानचा गोलरक्षक दिदा याने पेनल्टी अडवल्यावर, डोके धरून उभे न राहता, परतलेला चेंडू डाव्या पायाने जाळ्याच्या छतात मारून ३-३ अशी बरोबरी साधणारा तो हाच. परंतु मी निव्वळ जुन्या मायेपोटी बोलतो आहे असे कृपया समजू नये. त्याने २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये लेव्हरकुसेनची सूत्रे घेतली तेव्हा तो संघ बुंडेसलिगाच्या, म्हणजे जर्मन लीगच्या, तक्त्यात शेवटून दुसरा होता; आज तो बायर्नच्या पुढे आहे आणि या हंगामात अद्याप एकही सामना हरलेला नाही. त्याआधी तो रेआल सोसिएदादच्या दुय्यम संघात, फारसे कोणाचे लक्ष नसताना, तीन हंगाम काम शिकला. मोठे नाव असूनही ज्याला शिकायची लाज वाटली नाही, असा माणूस विरळा.

शिवाय या क्लबची एक रीत आहे. व्यवस्थापक शँकली १९७४ मध्ये अचानक पद सोडून गेले तेव्हा त्यांचे सहायक बॉब पेझली नको नको म्हणत असताना त्यांच्यावर जबाबदारी पडली आणि त्यांनी नऊ वर्षांत सहा लीग आणि तीन युरोपियन कप जिंकले. पेझलींनंतर फॅगन, फॅगननंतर डालग्लिश. बूट रूमचे, म्हणजे बूट ठेवायच्या खोलीत जमणाऱ्या प्रशिक्षकांचे, हे एक घराणेच होते आणि गादीवर बसणारा प्रत्येक जण त्याच तालमीत तयार झालेला होता. अलोन्सो त्याच अंगणातला आहे. आपली मते कळवावीत.

आपला,
चेस्टरकर


प्रेषक: वॉरिंग्टनकर
३० जानेवारी २०२४

चेस्टरकर काका, सादर नमस्कार.

अलोन्सो यांच्या कर्तृत्वाबद्दल दुमत नाही. पण आपण घराण्याची यादी डालग्लिश यांच्यापाशी सोयीस्करपणे थांबवलीत. त्यांच्यानंतर १९९१ मध्ये आलेले ग्रॅम सूनेस याच क्लबचे माजी कर्णधार होते, त्यांची नाळ तर अलोन्सोंहूनही घट्ट होती, आणि त्यांनी जुन्या खेळाडूंना घाईघाईने वाटेला लावून दोन हंगाम सहावा क्रमांक पत्करला. ज्या खोलीच्या परंपरेचा आपण दाखला देता, ती बूट रूम त्यांच्याच कारकिर्दीत, १९९३ मध्ये, पत्रकारांच्या कक्षासाठी पाडण्यात आली. तेव्हा अंगणातला असणे ही पात्रता नव्हे. फार तर पहिल्या तीन पराभवांपुरते ते अभय आहे.

क्लॉप स्वतः तरी कुठे अंगणातले होते? त्यांची निवड झाली त्याआधीच्या हंगामात त्यांचे डॉर्टमुंड सातवे आले होते आणि मधल्या काळात तर तळाला गेले होते. लिव्हरपूलच्या संशोधन विभागाचे इयन ग्रॅहम यांनी सामन्यागणिक दोन्ही बाजूंना मिळालेल्या संधींचा हिशेब मांडून दाखवले की खेळ उत्तमच होता, दैवाने दगा दिला होता. पुढे क्लॉप यांच्याशी ओळख झाल्यावर, आपण तो हंगाम पाहिलेलाच नाही, फक्त मोजला आहे, हेही त्यांनी सांगून टाकले. नव्या माणसाची निवड याच पद्धतीने व्हावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

आणखी एक मुद्दा. गेल्या उन्हाळ्यात मॅक अ‍ॅलिस्टर, सोबोस्लाई, एंडो आणि ग्राव्हेनबेर्ख असे चौघे आणून क्लबने मधली फळी नव्याने उभी केली, ती तिघांच्या मांडणीसाठी. लेव्हरकुसेन तीन मध्यवर्ती बचावपटू आणि दोन्ही कडांना ग्रिमाल्दो, फ्रिम्पाँग यांसारखे धावते विंगबॅक (कडेने वर-खाली करणारे बचावपटू) घेऊन खेळते. त्या मांडणीत मध्यभागी दोघेच उरतात. ती जशीच्या तशी इथे आणायची तर नुकतीच बांधलेली फळी मोडावी लागेल. अलोन्सो ती बदलू शकतील, नाही असे नाही. पण हा प्रश्न त्यांना विचारला जायला हवा आणि उत्तर ऐकण्याआधी त्यांच्या नावाचे फलक रंगवू नयेत.

आपली,
वॉरिंग्टनकर


प्रेषक: स्टॉकपोर्टकर
३१ जानेवारी २०२४

मंडळी,

आम्हा मँचेस्टर युनायटेडवाल्यांचा या चर्चेशी काय संबंध, असे आपण म्हणाल. पण या विषयातला कटू अनुभव आमच्याइतका कोणाच्याही गाठीशी नाही. २०१३ मध्ये सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांनी निवृत्त होताना आपला वारस स्वतः सुचवला, डेव्हिड मॉयस यांना सहा वर्षांचा करार मिळाला आणि ते दहा महिन्यांत घरी गेले. माणूस वाईट होता असे मला आजही वाटत नाही. त्यांनी विजेत्या संघाबरोबर आलेले फेलन, म्युलेनस्टीन, स्टील हे सगळे जुने सहायक काढले आणि खेळाडूंना ओळखणारे कोणी उरलेच नाही, तिथे सगळे बिनसले. तुमच्याकडे तर क्लॉप यांच्याबरोबर लाइंडर्स आणि क्राव्हिट्झ हे सहायकही निघाले आहेत. त्यामुळे नवा कोण यापेक्षा त्याच्याबरोबर कोण, याची आधी चौकशी करा, हा शेजारधर्म म्हणून दिलेला सल्ला. फी नाही.

स्टॉकपोर्टकर


प्रेषक: सचिव
२६ फेब्रुवारी २०२४

सर्व सभासदांस,

काल वेम्ब्लीवर चेल्सीविरुद्ध जादा वेळेत व्हॅन डाइकच्या हेडरने लीग कप आला, त्याबद्दल संबंधितांचे अभिनंदन. मैदानात डॅन्स, मॅकॉनेल, क्लार्क अशी विशीही न गाठलेली मुले होती, ही नोंद पुढच्या व्यवस्थापकाच्या चर्चेत कोणीच घेतलेली दिसत नाही, म्हणून मीच घेतो. अजून तीन स्पर्धा शिल्लक आहेत. आधी लगीन कोंढाण्याचे, मग रायबाचे. गुढीपाडव्याच्या जेवणाची नावे मात्र या धाग्यावर न कळवता मला स्वतंत्रपणे कळवावीत.

सचिव


प्रेषक: चेस्टरकर
३० मार्च २०२४

स. न. वि. वि.

अलोन्सो यांनी काल लेव्हरकुसेनमध्येच राहणार असल्याचे जाहीर केले. बायर्नलाही प्रशिक्षक टुखेल यांच्या जागी तेच हवे होते, त्यांनाही नकार मिळाला, एवढेच समाधान. निर्णय त्यांना शोभणारा आहे. अर्धवट काम टाकून येणारा माणूस आपल्यालाही नको होता.

मग आता पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबचे प्रशिक्षक रूबेन अमोरिम यांचा विचार व्हावा. ब्रागामध्ये त्यांना जेमतेम काही महिने झाले असताना स्पोर्टिंगने सुमारे एक कोटी युरो मोजून त्यांना आणले, तेव्हा लिस्बनमध्ये अनेकांनी डोक्याला हात लावला होता. पुढच्याच हंगामात, २०२१ मध्ये, एकोणीस वर्षांनी लीग जिंकून त्यांनी ते पैसे वसूल करून दिले. वय चाळिशीच्या आत, बोलणे रोखठोक, तरुण खेळाडूंवर विश्वास. सचिवांनी उल्लेख केलेल्या मुलांना असाच माणूस लागेल.

चेस्टरकर


प्रेषक: वॉरिंग्टनकर
२ एप्रिल २०२४

काका,

अमोरिम यांच्याबाबत माझा आक्षेप अधिकच ठाम आहे. अलोन्सो मांडणी बदलतील अशी आशा तरी ठेवता येत होती. अमोरिम यांची सारी कारकीर्द तीन बचावपटूंच्या तीन-चार-तीन मांडणीवर उभी आहे आणि त्यावर तडजोड करणारा हा माणूस वाटत नाही. अलेक्झांडर-आर्नल्ड उजव्या बगलेवरून मध्यभागी सरकतो, सालाह त्याच्यापुढची मोकळी जागा वापरतो, यावर आपला निम्मा खेळ चालतो. त्यात विंगबॅक नेमका कोण होणार?

गेल्या महिन्यात मायकेल एडवर्ड्स मालकांच्या फुटबॉल विभागाचे प्रमुख म्हणून परतले आणि बोर्नमथहून रिचर्ड ह्यूज क्रीडा संचालक म्हणून येत आहेत. ही माणसे टाळ्या मिळवणारे नाव शोधत बसणार नाहीत. माझा अंदाज विचाराल तर रॉटरडॅमकडे पाहावे.

वॉरिंग्टनकर


प्रेषक: वॉरिंग्टनकर
२८ एप्रिल २०२४

सर्वांना नमस्कार.

रॉटरडॅमच्या फेयेनूर्द क्लबशी बोलणी पक्की झाल्याच्या बातम्या आल्या आहेत आणि त्यांचे प्रशिक्षक आर्ने स्लॉट यांनी स्वतःही लिव्हरपूलला यायची इच्छा लपवलेली नाही. मंडळात यावर नाराजी आहे हे मी जाणते. ‘हे कोण?’ असा प्रश्न कालपासून मला अनेकांनी विचारला, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

स्लॉट २०२१ मध्ये फेयेनूर्दला आले आणि पहिल्याच हंगामात संघाला युरोपच्या कॉन्फरन्स लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेले. तो सामना मोरिन्यो यांच्या रोमाविरुद्ध एका गोलने गेला, आणि त्यानंतर जे झाले ते माझ्या दृष्टीने विजेतेपदापेक्षा महत्त्वाचे आहे. उन्हाळ्यात सिनिस्टेरा लीड्सला, मलासिया मँचेस्टरला, सेनेसी बोर्नमथला गेले. संघाचा कणाच विकला गेला. असे झाल्यावर बहुतेक प्रशिक्षक एक हंगाम रडगाणे गातात. स्लॉट यांनी सान्तियागो हिमेनेससारखे नवे खेळाडू घेऊन संघ पुन्हा बांधला आणि त्याच हंगामात लीग जिंकली. यंदा ते पीएसव्हीच्या मागे दुसरे आहेत आणि गेल्याच रविवारी त्यांनी डच कपही जिंकला. सेनेसी ज्या क्लबने घेतला तिथे तेव्हा रिचर्ड ह्यूज होते. म्हणजे स्लॉट यांच्या हाताखाली खेळाडू कसा घडतो हे ह्यूज यांनी पैसे मोजून तपासलेले आहे.

खेळाच्या बाबतीत चार बचावपटू, पुढे जाऊन चेंडू हिसकावण्याची सवय, हे सगळे आपल्या मुलांना ठाऊक आहे. फरक एवढाच की चेंडू मिळाल्यावर क्लॉप यांचा संघ तत्काळ गोलकडे धावतो, आणि स्लॉट यांचा आधी मधल्या फळीतून प्रतिस्पर्ध्याला आपल्याकडे ओढतो आणि मगच मोकळ्या जागेत शिरतो. गेल्या तीन आठवड्यांत अटलांटाने आपल्या घरच्या अ‍ॅनफिल्डवर येऊन तीन गोल मारले, पॅलेसने आणि एव्हर्टनने हरवले; अनेकदा आपली मधली फळी मैदानभर विखुरलेली होती आणि पुढे गेलेले परत येईपर्यंत गोल झालेला असे. ज्या दुखण्यावर औषध हवे आहे ते हेच.

स्टॉकपोर्टकर आता डच लीगमधून युनायटेडकडे आलेल्या टेन हाग यांचे आणि पॅलेसमध्ये लीगच्या चार सामन्यांत एकही गोल न होता हाकलले गेलेले फ्रांक डि बोअर यांचे उदाहरण देतील. डच लीगमधले यश इथे वटेलच याची हमी कोणी देऊ शकत नाही, हे मान्य. पण टेन हाग यांना तिकडचेच खेळाडू मागवावे लागले आणि त्या मागण्यांवर क्लबने अतोनात पैसा ओतला. इथे खरेदीचा अधिकार ह्यूज यांच्याकडे राहणार आहे आणि प्रशिक्षकाने मिळालेल्या संघाकडून काम करून घ्यायचे आहे. अशा व्यवस्थेत काम करून दाखवलेला माणूस आपण घेतो आहोत.

आपली,
वॉरिंग्टनकर


प्रेषक: स्टॉकपोर्टकर
२८ एप्रिल २०२४

ताईंनी माझी दोन्ही उदाहरणे आधीच वापरून टाकली. मला बोलायला काही उरले नाही.


प्रेषक: चेस्टरकर
२० मे २०२४

स. न. वि. वि.

काल वुल्व्ह्‌जविरुद्धचा सामना संपल्यावर क्लॉप यांनी ध्वनिक्षेपक हातात घेऊन साऱ्या अ‍ॅनफिल्डला स्लॉट यांच्या नावाचे गाणे म्हणायला लावले. मीही म्हटले. सर अ‍ॅलेक्स यांनीही अखेरच्या दिवशी नव्या व्यवस्थापकामागे उभे राहा असेच सांगितले होते, हे स्टॉकपोर्टकरांनी मला शेजारधर्म म्हणून लगोलग कळवले.

माझे मत मात्र बदललेले नाही. अलोन्सोंचा संघ अठ्ठावीस विजय आणि सहा बरोबऱ्या करून अख्खी लीग न हरता जिंकला, आणि असा माणूस आणखी एक वर्ष थांबून मिळाला असता तर मी थांबलो असतो. वॉरिंग्टनकर ताईंचा युक्तिवाद मात्र मी दोनदा वाचला आणि मांडणीपुरता तो मला खोडता आला नाही.

आता माझा प्रश्न स्लॉट यांना नाही, ह्यूज यांना आहे. व्हॅन डाइक, सालाह आणि अलेक्झांडर-आर्नल्ड या तिघांचेही करार पुढल्या वर्षीच्या जूनमध्ये संपतात. ताई म्हणतात तसे खरेदी-विक्रीचे अधिकार ह्यूज यांच्याकडे असतील, तर तिघांपैकी कोणीही फुकटात गेल्यास त्याचा जाब नव्या प्रशिक्षकाला विचारला जाऊ नये, एवढे आपण सर्वांनी आजच ठरवून टाकावे. सचिवांनी याची नोंद घ्यावी.

कळावे, लोभ असावा.
चेस्टरकर