मेरी कोम–व्हॅलेन्सिया, टोकियो: तीनपैकी दोन राउंड काढूनही हार, हा निकाल बरोबर होता का?

शिरीष, राजेंद्र नगर
लोकमान्य नगरच्या मैदानावर मुलींची बॉक्सिंगची बॅच चालते, तिथे परवा पुन्हा हाच वाद पेटला. म्हणून इथे एकदा नीट मांडतो.

ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी: २९ जुलै २०२१, टोकियोचं कोकुगिकान, महिलांचा ५१ किलो गट, शेवटच्या सोळांतली लढत. मेरी कोम विरुद्ध कोलंबियाची इन्ग्रिट व्हॅलेन्सिया. तीन मिनिटांचे तीन राउंड, पाच जज. पहिला राउंड पाचपैकी चार जजनी व्हॅलेन्सियाला दिला. दुसरा ३-२ ने मेरीचा. तिसराही ३-२ ने मेरीचा. आणि शेवटी रेफरीनं हात उचलला तो व्हॅलेन्सियाचा, ३-२.

माझं म्हणणं सरळ आहे. बहुमतानं दोन राउंड जिच्या नावावर, ती हरते कशी? कोपऱ्यातला कोच मुलीला काय सांगतो? "हा राउंड काढ." दोन राउंड काढल्यावर तिनं अजून काय करायला हवं होतं? त्यात २०१९ च्या जागतिक स्पर्धेत मेरीनं हिलाच उपांत्यपूर्व फेरीत ५-० हरवलेलं. निकाल चुकीचा होता असं मी ठामपणे म्हणतो.

अपर्णा
शिरीषदादा, २०१९ आधी बाजूला ठेवा. जजला जुनी लढत मोजायची मुभाच नसते.

आता हिशेब. या पद्धतीत राउंडची बेरीज होत नाही, जजच्या कार्डाची होते. प्रत्येक जज राउंड जिंकणारीला १० देतो, दुसरीला ९ किंवा कमी. तीन राउंडची बेरीज झाली की त्या जजची एक विजेती ठरते. पाचांपैकी तीन कार्डं जिच्याकडे, ती जिंकली. "दुसरा राउंड मेरीचा" हे वाक्य टीव्हीवर दिसणाऱ्या तक्त्यातून आपण तयार केलं. नियमात असा कोणताही हिशेब नाही.

आणि मतंच मोजायची तर सगळी मोजा. पाच जज गुणिले तीन राउंड, म्हणजे पंधरा मतं. व्हॅलेन्सियाला ४+२+२, म्हणजे ८. मेरीला १+३+३, म्हणजे ७. कशीही बेरीज करा, व्हॅलेन्सिया एकानं पुढेच आहे. यात अन्याय कुठे झाला?

निनाद, सुदामा नगर
अपर्णाताई, ते ८-७ चं गणित इतकं सरळ नाही, थोडं थांबा.

समजा पाच जज क, ख, ग, घ, च. पहिला राउंड मेरीला फक्त 'क'नं दिला. आता समजा दुसरा राउंड क, ख, ग यांनी मेरीला दिला आणि तिसराही क, ख, ग यांनीच. आकडे अगदी तेच राहिले: १-४, ३-२, ३-२. मतं तीच, ७ विरुद्ध ८. पण कार्डं बघा. 'क'चं ३०-२७ मेरी, 'ख'चं २९-२८ मेरी, 'ग'चं २९-२८ मेरी. मेरी ३-२ ने विजयी!

पहिल्या राउंडचं मत देणारा 'क' त्या तिघांत नसला तरी तेच. ख, ग, घ या तिघांनी दोन्ही राउंड दिले असते तर तिन्ही कार्डं २९-२८ मेरी. म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या राउंडला मेरीच्या बाजूचे तिघे तेच असते तर ती जिंकलीच असती. ती हरली, याचा अर्थ ते तिघे अगदी तेच नव्हते. दुसरा राउंड मेरीला देणाऱ्यांपैकी निदान एकानं तिला तिसरा दिला नाही, आणि तिसरा देणाऱ्यांपैकी निदान एकानं दुसरा दिला नव्हता.

तर भिया, पंधरा मतं जशीच्या तशी, फक्त ती कोणत्या खुर्चीतून आली यावर पदकाचा रस्ता बदलतो. हे गणित मुलींना समजावून सांगणं आपलं काम आहे, आणि "बेरीज व्हॅलेन्सियाची होती" एवढ्यावर ते संपत नाही.

अपर्णा
निनाद, उदाहरण बिनचूक आहे. पण त्यातून उलटंच सिद्ध होतं. एकच राउंड जवळून बघणाऱ्या पाच माणसांचं दोनदा ३-२ होतं आणि दोन्ही वेळी तिघे तेच नसतात, याचा अर्थ ते राउंड खरोखर केसाएवढ्या फरकाचे होते. स्पष्ट जिंकलेला राउंड पाच जणांना पाच जागांवरून दिसतो. मेरीला दुसरा-तिसरा ४-१ ने काढता आला नाही. व्हॅलेन्सियानं पहिला ४-१ ने काढला. सगळ्या लढतीत ठळक दिसणारी तेवढीच एक गोष्ट, आणि ती तिच्या बाजूची.

वसंतकाका, रामबाग
तुम्ही सगळे आकड्यांत अडकलात. आकडा ज्यातून येतो तो ठोसा आधी बघा.

टोकियोत जजनं राउंड तीन गोष्टींवर द्यायचा होता. पहिली, लक्ष्यभागावर लागलेले दर्जेदार ठोसे. दुसरी, तंत्र आणि डावपेचांच्या जोरावर मिळवलेलं वर्चस्व. तिसरी, झुंजारपणा. लक्ष्यभाग म्हणजे चेहरा आणि डोक्याची समोरची व बाजूची जागा, आणि पट्ट्याच्या वर धडाचा पुढचा व बाजूचा भाग. दंडावर, ग्लोव्हवर, खांद्यावर बसलेला ठोसा कितीही आवाज करो, त्याचं काही मिळत नाही. मुठीचा गाठींचा भाग लागला पाहिजे, उघड्या ग्लोव्हची चापट चालत नाही. आणि मागे खांदा किंवा शरीराचं वजन हवं. टेकवलेला हात हा ठोसा नव्हे.

पहिल्या राउंडला व्हॅलेन्सिया घंटा झाल्या झाल्या अंगावर आली. मेरी डावखुऱ्या पवित्र्यात मागे सरकून, समोरची आत आली की उत्तर देत होती. असा राउंड जजसाठी सगळ्यात अवघड. पुढे येणारीचे पाच ठोसे सुटतात, त्यातले तीन गार्डवर, म्हणजे आड धरलेल्या हातांवर, बसतात. मागे जाणारीचे दोन सुटतात आणि दोन्ही लागतात. पण त्याच क्षणी क्लिंच होतो, म्हणजे दोघी एकमेकींना धरून ठेवतात, आणि समोरच्या जजला फक्त पाठ दिसते. महिलांच्या डोक्याला हेडगार्ड असतं, त्यामुळे चेहऱ्यावरून काही कळत नाही. मान मागे झटकली का, एवढीच खूण उरते.

मी तो राउंड व्हॅलेन्सियाला देईन, थोडक्या फरकानं. मेरीनं पहिल्या मिनिटात पुढाकार तिच्या हाती जाऊ दिला आणि दोन-दोन ठोश्यांवर थांबली. मात्र चार जजना एकसारखं दिसावं इतका तो राउंड उघड नव्हता, हेही म्हणेन.

निनाद, सुदामा नगर
काका, तुम्ही स्वतःच सांगितलंत आणि स्वतःच सोडून दिलंत. यादीत पहिला क्रमांक दर्जेदार ठोश्यांचा. झुंजारपणा तिसरा. पुढे चालत येणं हे नुसतं तिसऱ्यात बसतं. पाचातले दोन लागले आणि दोनातले दोन लागले, तर पहिल्या निकषावर बरोबरी. मग दुसऱ्यावर या: समोरचीला आत ओढून तिचे ठोसे चुकवणं हे डावपेचांचं वर्चस्व नाही तर काय? चार जज पुढे येणारीच्या बाजूनं झुकले, आणि ही खोड जुनी आहे.

जजवर डोळे मिटून विश्वास का ठेवायचा? १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा रॉय जोन्स ज्युनियर अंतिम लढत ३-२ ने हरला, ठोश्यांची मोजणी ८६ विरुद्ध ३२ त्याच्या बाजूनं असताना. स्पर्धेतला सर्वोत्तम बॉक्सर म्हणून चषक त्यालाच दिला आणि सुवर्ण कोरियाच्या पार्कला. रिओ २०१६ नंतर तिथले ३६ रेफरी आणि जज बाजूला काढावे लागले. आंतरराष्ट्रीय संघटनाच निलंबित झाली, म्हणून तर टोकियोचं बॉक्सिंग ऑलिंपिक समितीनं स्वतःच्या टास्क फोर्सकडून चालवलं.

अपर्णा
सोलचं उदाहरण इथे लागू होत नाही. ८६-३२ मध्ये डोळे झाकले तरी विजेता दिसतो. या लढतीत असं कोणतंही अंतर नाही. रिओत गडबड झाली म्हणून टोकियोतला प्रत्येक ३-२ संशयास्पद ठरत नाही. उलट टोकियोत प्रत्येक राउंडनंतर जजचे गुण उघड होत होते. लपवायचं असतं तर ते कुणी केलं असतं?

आणि ठोसे मोजण्याचा मार्ग आपण वीस वर्षं वापरून पाहिलाय. बार्सिलोना १९९२ पासून लंडन २०१२ पर्यंत बटणंच होती. त्यातली बहुतेक वर्षं पाचपैकी तीन जजनी एका सेकंदाच्या आत एकाच बॉक्सरच्या रंगाचं बटण दाबलं तर गुण. परिणाम काय झाला? जवळून मारलेला पोटातला ठोसा गेला, कारण तो तिघांना एकदम दिसत नाही. भराभर मारलेल्या चार ठोश्यांच्या जोडणीला एक गुण, कारण बोट तेवढं चालत नाही. मुलं लांबून एकेक सरळ ठोसा डोक्यावर मारून पळायला शिकली. लंडनमध्ये आपल्या विकास कृष्ण यादवनं अमेरिकेच्या एरल स्पेन्सला १३-११ हरवलं, मग तक्रारीनंतर क्लिंच धरण्याचे फाउल आणि तोंडातलं गमशील्ड टाकणं मोजून स्पेन्सला चार गुण वाढवले आणि निकाल १५-१३ उलटा झाला. यंत्र असूनही.

शिरीष, राजेंद्र नगर
तो निकाल उलटला, कारण तक्रार करायची सोय होती. मेरीनं लढतीनंतर सांगितलं की इथे ना फेरतपासणी, ना निषेध नोंदवायची वाट. माझ्या मनात सल आहे तो याचा. ३-२ निकाल, दोन राउंडमध्ये तिघे तेच नाहीत, आणि एकदाही व्हिडिओ मागे नेऊन बघायचं नाही?

दुसरं, १०-९ हा आकडाच फार मोठा खोका झालाय. केसभर फरकाचा राउंडही १०-९ आणि चांगला काढलेला राउंडही १०-९. १०-८ फार क्वचित देतात. मग पहिल्या राउंडचं "ठळक" वर्चस्व आणि तिसऱ्याचं "काठावरचं" वर्चस्व कार्डावर सारखंच दिसतं.

माझी सूचना: प्रत्येक राउंड बहुमतानं द्या. दोन राउंड जिची, तिचा विजय.

अपर्णा
दादा, ती सूचना आणखी घातक. एक मुलगी पहिला राउंड ५-० काढते आणि पुढचे दोन २-३ ने गमावते. मतं नऊ विरुद्ध सहा, म्हणजे सरळ वरचढ. तुमच्या नियमानं ती हरली. मेरी-व्हॅलेन्सियात तुमचा नियम मेरीला फळला असता म्हणून तो बरा वाटतो. पुढच्या वेळी त्याच नियमानं आपलीच मुलगी हरेल.

फेरतपासणीबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. ३-२ निकालावर ती असायलाच हवी.

वसंतकाका, रामबाग
शिरीष, वाद चालू राहू दे, पण बॅचमध्ये एक प्रयोग करा. रविवारी फक्त पहिला राउंड लावा. आवाज पूर्ण बंद, कारण समालोचक ज्याचं नाव जास्त घेतो तिकडे मन जातं. पाच मुलींना एकमेकींपासून लांब बसवा. प्रत्येकीकडे कोरा कागद, मध्ये एक उभी रेघ, डावीकडे लाल कोपऱ्यातली बॉक्सर, उजवीकडे निळ्या. राउंडचं प्रत्येक मिनिट वेगळ्या ओळीत लिहायचं. लक्ष्यभागावर स्वच्छ लागलेला ठोसा म्हणजे एक उभी खूण. मान झटकली किंवा पाय थांबले तर खुणेभोवती गोल. गार्डवर बसला तर काहीच नाही. घंटा झाली की बोलायच्या आधी १०-९ लिहून कागद उलटा ठेवायचा. पुन्हा लावून बघायचं नाही, जजला ती सोय नसते.

मग मिनिटांच्या ओळी बघा. बहुतेकींचं शेवटचं मिनिट भरलेलं आणि पहिलं रिकामं निघेल, कारण डोळा सरावायला वेळ लागतो आणि शेवटचं जास्त लक्षात राहतं. पहिल्या राउंडच्या पहिल्याच मिनिटात मागे राहणं कसं महागात पडतं, ते मुलींना कागदावर दिसेल.

एक मर्यादा ध्यानात ठेवा. टीव्हीवर पाचही जणी एकाच कोनातून बघणार. खरे जज सहा मीटरच्या रिंगभोवती वेगवेगळ्या बाजूंना असतात. त्यामुळे तुमच्या पाच कागदांत टोकियोपेक्षा एकमत जास्त दिसलं, तर त्यावरून तिथल्या जजना खोटं ठरवू नका.

शिरीष, राजेंद्र नगर
चालेल काका, रविवारी करतो. कोपऱ्यातल्या कोचनं काय सांगायला हवं होतं, तेही मुलींपुढे मांडायचंय. पहिला राउंड १-४ गेला हे कळल्यावर गणित असं होतं: ज्या एका जजनं मेरीला दिलाय त्याच्याकडून उरलेल्या दोनपैकी एक राउंड पुरेसा. पण बाकी चारांपैकी निदान दोघांकडून दोन्ही राउंड हवेत. नुसतं "हा राउंड काढ" म्हणून भागत नव्हतं. दोन्ही राउंड एकाच पद्धतीनं आणि तितक्याच ताकदीनं काढायला हवे होते, म्हणजे एकदा पटलेल्या जजला पुढच्या वेळीही पटेल. दुसऱ्या राउंडला उजवा हुक (बाजूनं वळवून मारलेला ठोसा) चालला असेल तर तिसऱ्यालाही तोच पुढे ठेवायचा.

निनाद, सुदामा नगर
हे शिकवा, पण सोबत हेही सांगा की मागे सरकून स्वच्छ मारणं ही चूक नाही. नाहीतर सगळी बॅच डोकं खाली घालून पुढे धावायला लागेल आणि समोरचीच्या अपरकटवर, म्हणजे खालून वर येणाऱ्या ठोश्यावर, जाईल. काउंटर मारणाऱ्या मुलीला एवढंच बदलायचंय: उत्तर एका ठोश्यावर थांबवू नको, तीन मार, आणि तिसऱ्यानंतर क्लिंचमध्ये न जाता बाजूला निघ, म्हणजे जजला तुझी पाठ दिसणार नाही.

पहिला राउंड मात्र मी अजूनही मेरीलाच देतो. रविवारी सहावा कागद माझ्यासाठी ठेवा.