मदत हवी आहे: गेंटमध्ये नऊ दिवस, व्हीगन, आणि खोलीत फक्त किटली

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात ऑफिसच्या कामासाठी बेल्जियममधल्या गेंटला जायचं आहे. नऊ दिवस, एकटीच. हॉटेल ऑफिसने ठरवलंय, खोलीत पाणी गरम करायची किटली आहे, बाकी स्वयंपाकाची काही सोय नाही.

ब्रसेल्स असतं तर विचारलं नसतं. राजधानीत काही ना काही सापडतंच. गेंट म्हणजे पावणेतीन लाखांच्या आसपास वस्तीचं शहर. अशा मधल्या आकाराच्या शहरांचा माझा अनुभव असा की दोन-तीन व्हीगन जागा असतात खऱ्या, पण एक सोमवारी बंद, दुसरी दुपारी तीनला बंद, आणि तिसरी आपण पोचतो तेव्हा कायमची बंद झालेली.

मी साडेतीन वर्षं व्हीगन आहे. मांस, मासे, अंडी नाहीतच, शिवाय दूध, दही, तूप, लोणी, चीज आणि मधही नाही. ॲलर्जी नाही, स्वतःहून सोडलंय. (‘थोडं तूप चालतं हो’ म्हणणारे नातेवाईक घरी भरपूर आहेत, इथे तो सल्ला नको, ही विनंती.)

एवढं आधीपासून विचारायचं कारण सांगते. मागच्या वर्षी अशाच एका शहरात, वेगळ्या देशात, एका उपाहारगृहात सलग तीन दिवस भाज्यांचं सूप प्यायले. चौथ्या दिवशी आचारी स्वतःच वाढायला आला. मी कौतुकाने विचारलं, एवढी चव कशाने येते हो? तो खूश होऊन म्हणाला, कोंबडीची हाडं, रात्रभर मंद आचेवर. वाटीत गाजराचे चौकोनी तुकडे आणि वर तेलाचे बारीक सोनेरी ठिपके. ते ठिपके तीन दिवस मी ऑलिव्ह ऑइल समजत होते. त्याने फसवलं म्हणायला जागा नाही. मी ‘व्हेज आहे का’ विचारलं होतं, आणि भाज्या होत्याच की त्यात.

तर या वेळी नेमकं काय विचारायचं ते शिकून जायचंय. हॉटेलच्या नाश्त्यात काय निर्धास्त खाता येईल? बेल्जियमचे फ्राइज चालतात ना? गेंटमध्ये गुरुवारी सगळं शहर शाकाहारी खातं असं कुठेतरी वाचलं, ते खरं का? आणि सगळ्यात अवघड म्हणजे दुसऱ्याच दिवशी तिथल्या टीमबरोबर पारंपरिक फ्लेमिश जेवणाचा बेत आहे. पहिल्याच भेटीत बारा प्रश्न विचारणारी पाहुणी व्हायचं नाहीये.

हॉटेलांची यादी दिलीत तर आवडेलच, पण विचारायची रीत सांगितलीत तर जास्त उपयोग होईल.

प्रतिसाद १

फ्राइजच्या देशात चाललाय आणि खायचं काय विचारताय! नऊ दिवस बटाटे. धागा बंद करा.

प्रतिसाद २

वरच्या दादांचा सल्ला कृपया ऐकू नका. तिथले फ्राइज परंपरेने गाईबैलांच्या चरबीत तळतात. चरबीला ‘ओसेविट’ म्हणतात आणि जुन्या गाड्यांवर तिचा अभिमानही बाळगतात. वनस्पती तेल वापरणारे आता बरेच आहेत, पण विचारल्याशिवाय कळणार नाही. प्रश्न एकच: ‘प्लांटआर्दिखे ओली?’, म्हणजे वनस्पती तेल का. हो म्हणाले तरी त्याच कढईत मांसाचे रोलही तळतात का, हे तुमच्या नियमात किती बसतं ते तुम्ही ठरवा.

सॉसचं वेगळंच. मेयोनेझमध्ये अंडं असतं हे माहीत असेलच, पण ‘अंदालूझ’ आणि ‘सामुराई’ हे लालसर दिसणारे सॉसही मेयोनेझवरच केलेले असतात. केचप घ्या आणि मोकळ्या व्हा.

प्रतिसाद १

चरबी?! मी २०१७ मध्ये तिथे आठवडाभर रोज खाल्ले. आज उपास धरतो.

प्रतिसाद ३

मी गेंटमध्ये चार वर्षं होते, शिकायला. ताई, तुम्ही नशीबवान आहात, या आकाराच्या शहरांत व्हीगन माणसासाठी युरोपात यापेक्षा सोपं शहर क्वचित मिळेल.

गुरुवारचं खरं आहे, पण अर्धं. मे २००९ मध्ये ‘ईव्हीए’ नावाच्या संस्थेच्या पुढाकाराने आणि नगरपालिकेच्या पाठिंब्याने आठवड्यातला एक शाकाहारी दिवस सुरू झाला: ‘दोंडरदाख वेजीदाख’. त्या दिवशी शहर मांस सोडत नाही, खाटकाचं दुकान उघडंच असतं. शाळांच्या जेवणात आणि बऱ्याच उपाहारगृहांत शाकाहारी पदार्थ पुढे करतात, इतकंच. शिवाय ‘वेजी’ म्हणजे शाकाहारी, त्यात चीज आणि अंडं हमखास. गुरुवारी तुम्हाला निवड जास्त मिळेल आणि फसायची शक्यताही तेवढीच जास्त, कारण वाढणारा मनापासून सांगेल, ‘हो हो, वेजी आहे!’

या चळवळीचा खरा फायदा रोजचा आहे. ‘व्हीगन’ शब्द उच्चारल्यावर कोणी बघत बसत नाही. वनस्पती दुधाची ‘आल्प्रो’ कंपनी बेल्जियमचीच, मुख्य कचेरी गेंटमध्ये. कॉफीला सोया किंवा ओटचं दूध मागणं तिथे नवलाचं नाही.

इंग्रजी सगळीकडे चालतं. फ्रेंच येत असेल तर ते आधी काढू नका, तो डच बोलणारा भाग आहे आणि लोकांना ते आवडत नाही.

संध्याकाळी काहीच सुचलं नाही तर स्लेपस्ट्रात गाठा. मध्यवस्तीतून चालत जाता येतं, तुर्की खाणावळींची रांगच आहे. फलाफल, हमुस, वांगं, मसूर सूप. मात्र फलाफलच्या रोलवरचा पांढरा सॉस दह्याचा किंवा मेयोनेझचा असतो, तो आधीच नको म्हणा. मसूर सुपात लोणी घालतात का तेही विचारा. आणि रविवार-सोमवार बऱ्याच जागा बंद असतात. दुपारी दोननंतर अनेक स्वयंपाकघरं बंद होतात ती सहाला उघडतात, त्यामुळे चार वाजता भूक लागली तर व्हीगन जागा दाखवणाऱ्या हॅपीकाऊ ॲपवर जागा दिसेल, पण दाराला कुलूप दिसेल. ॲपमधली वेळ जागेच्या स्वतःच्या पानावर ताडून बघा.

प्रतिसाद ४

मी लेबलांबद्दल लिहितो, कारण किटलीवाल्या माणसाचं अर्धं जेवण सुपरमार्केटमधूनच होणार.

युरोपीय संघात डिसेंबर २०१४ पासून नियम आहे: चौदा ॲलर्जीकारक घटक पाकिटावरच्या यादीत ठळक किंवा वेगळ्या अक्षरांत छापायचे. दूध, अंडं, मासे, कोळंबी-खेकड्यांचा वर्ग आणि शिंपल्यांचा वर्ग हे पाच त्यात येतात. म्हणजे आधी नुसती ठळक शब्दांवरून नजर फिरवली की निम्मं काम झालं. पण जिलेटिन, मध, प्राण्यांची चरबी आणि कोंबडीचा अर्क त्या चौदात नाहीत. ते साध्या अक्षरांत लपून बसतात.

आता डच. मेल्क म्हणजे दूध, कास म्हणजे चीज, बोटर म्हणजे लोणी, आय म्हणजे अंडं, वाय म्हणजे चीज करताना उरणारं पाणी, होनिंग म्हणजे मध. सगळ्यात फसवा शब्द ‘रोम’. स्पेलिंग इंग्रजीतल्या खोलीसारखं, आर-ओ-ओ-एम, अर्थ मात्र क्रीम. मी पहिल्या आठवड्यात एका सुपाच्या डब्यावर टोमॅटोच्या पुढे तो शब्द वाचला आणि ‘रूम टेंपरेचरला ठेवा’ असं काहीतरी असेल समजून दोन डबे संपवले.

उलट बाजूने काही शब्द उगाच घाबरवतात. पिंडाकास या नावात चीज आहे, पण ते निव्वळ शेंगदाण्याचं लोणी. बोटरहॅममध्ये लोणी नाही आणि हॅमही नाही, ती नुसती पावाची फोड. काकावबोटर कोकोचं, कोकोसमेल्क नारळाचं, दोन्ही चालतील. मेल्कझ्यूर म्हणजे लॅक्टिक आम्ल, तेही साधारणपणे वनस्पतीजन्य साखरेपासूनच करतात.

नाश्त्याला: ‘पिस्तोले’ नावाचे कडक गोल पाव सहसा पीठ-पाणी-यीस्ट-मीठ एवढ्यावरच होतात. पण तिथे ‘सँडविच’ म्हणजे मऊ गोडसर पाव, त्यात दूध असतं. क्रोसाँ आणि ‘कोफीकुक’ लोण्याचे. कॉफीच्या बशीत लोटसचं स्पेक्युलोस बिस्कीट मिळालं तर खुशाल खा, त्यात दूध-अंडं नाही. ही कंपनी १९३२ साली गेंटच्या उत्तरेला लेम्बेके गावात सुरू झाली, म्हणजे ते स्थानिकच समजा. बाजारात जांभळ्या शंकूसारखी ‘नाक’ नावाची गोळी विकतात, क्युबरडॉन. काही जण त्यात जिलेटिन घालतात, विचारूनच घ्या.

किटलीवर कुसकुस (गव्हाच्या रव्याचे बारीक दाणे). वाडग्यात घ्या, उकळतं पाणी ओता, वर बशी झाका, पाच मिनिटं. त्यावर डब्यातले छोले आणि लिंबू. चमचा आणि वाडगा घरून न्या, हॉटेलच्या कपात कुसकुस खाणं हा मी घेतलेला वाईट अनुभव आहे.

धागाकर्ती

बापरे, केवढी माहिती! ‘रोम’ वहीत लिहून घेतला. टीमच्या जेवणाचं मात्र अजून अडलंय. मेनू कळलाय: वॉटरझॉय, स्टूम्प, शेवटी वॉफल. माझ्यासाठी वॉटरझॉय भाज्यांचं करतील असं तिथल्या सहकारी बाईंनी कळवलंय. एवढं पुरे ना?

प्रतिसाद ३

नाही पुरे! वॉटरझॉय हा गेंटचाच पदार्थ, पूर्वी माशांचा, आता बहुधा कोंबडीचा. त्याचा दाटपणा क्रीम आणि अंड्याच्या पिवळ्या बलकातून येतो. कोंबडी काढून भाज्या टाकल्या तरी रस्सा तोच राहतो. तुमच्या त्या सूपचीच कथा. स्टूम्प म्हणजे कुस्करलेला बटाटा आणि भाज्या, त्यात लोणी आणि दूध. वॉफलमध्ये तिन्ही, दूध, लोणी, अंडं.

टेबलावर काही विचारूच नका. आदल्या दिवशी सकाळी, म्हणजे गिऱ्हाइकांची गर्दी नसते तेव्हा, उपाहारगृहाला फोन करा किंवा मेल लिहा. ‘व्हीगन आहे का’ असं विचारलं की ‘हो’ येतं. त्याऐवजी दोन प्रश्न विचारा: रस्सा कशाच्या पाण्यात शिजवता, आणि कशावर परतता? या दोन्हींची उत्तरं ‘हो’ किंवा ‘नाही’ अशी देताच येत नाहीत, स्वयंपाकघरात जाऊन विचारावंच लागतं. वरच्यांनी सांगितलेल्या त्या नियमाने उपाहारगृहालाही चौदा घटकांची माहिती द्यावी लागते, तेव्हा दूध-अंड्याबद्दल विचारताना संकोच नको. फक्त ॲलर्जी आहे असं खोटं सांगू नका. त्यासाठी ते भांडी वेगळी काढतात, आणि उद्या खरी ॲलर्जी असलेल्या माणसाचं कोणी ऐकत नाही.

गरम भाज्यांची थाळी, तेलावर परतलेली, बाजूला पाव आणि मोहरीची चटणी एवढं मागा. गेंटची मोहरी प्रसिद्ध आहे, तीत दूधदुभतं नसतं. सहकारी बाईंना मात्र आधी कळवा की मी मागवलंय, नाहीतर त्यांनी खास करवून घेतलेलं भाज्यांचं वॉटरझॉयही येईल आणि मग तुम्हाला नाही म्हणणं जड जाईल.

प्रतिसाद ५

विमानाचं कोणीच बोललं नाही! ‘एशियन व्हेज’ किंवा ‘हिंदू व्हेज’ निवडू नका, त्यात दही-पनीर येतं. त्याचा कोड एव्हीएमएल. तुम्हाला हवा तो व्हीजीएमएल. व्हीएलएमएलमध्ये दूध-अंडं दोन्ही. निदान दोन दिवस आधी नोंदवा आणि परतीच्या तिकिटावरही वेगळं नोंदवा, माझं परतीचं राहिलं होतं आणि नऊ तास सफरचंदावर काढले.

धागाकर्ती

परतीचं खरंच डोक्यात नव्हतं, आत्ताच केलं. उपाहारगृहाला मेलही गेला, रस्सा आणि तेल असे दोनच प्रश्न. एक शेवटचं: शेंगदाण्याची कोरडी चटणी बॅगेत चालते ना? कस्टममध्ये अडवतात का?

प्रतिसाद ४

चालते. भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, म्हणजे पेढे आणि तूपवाले अडकतात, तुम्ही नाही. ताजी फळं-भाज्या मात्र नेऊ नका, कढीपत्त्याची डहाळीसुद्धा नको. अननस, केळं, नारळ, खजूर आणि ड्युरियन यांना तेवढी सूट आहे. चटणी दोन पिशव्यांत बांधा, तेल सुटतं.