पाळणाघरातल्या लहान मुलांना कोणता चित्रपट दाखवावा, हे कोणी आणि कशावरून ठरवावे?

धागाकर्ती (विश्रामबाग, सांगली)

मी सांगलीत पाळणाघर चालवते. दीड वर्षाच्या बाळापासून चौथीत शिकणाऱ्या मुलांपर्यंत सगळ्या वयाची मुले आमच्याकडे असतात. दुपारी मोठी मुले शाळेतून आली की ‘आज पिक्चर लावा’ असा आग्रह सुरू होतो. माझे मत आधीच मांडते. चित्रपटाला ‘यू’ प्रमाणपत्र आहे, तो कार्टून आहे किंवा तो देवाचा आहे, यांपैकी कोणतेही कारण तीन-चार वर्षांच्या मुलाला तो दाखवण्यासाठी पुरेसे नाही. त्या वेळी खोलीत जागे असलेल्या सर्वांत लहान मुलाला तो सोसवेल का, हे पाहायला हवे, आणि ज्या व्यक्तीने तो आधी पूर्ण पाहिला आहे तिनेच ते ठरवायला हवे.

‘यू’ या अक्षराचा अर्थ चित्रपट कोणत्याही बंधनाशिवाय सर्वांसमोर दाखवता येतो, इतकाच आहे. तो बालवाडीच्या वयासाठी केलेला आहे, असे त्यातून कोणीही सांगितलेले नसते. ‘फाइंडिंग निमो’ या 2003 सालच्या चित्रपटाला अमेरिकेत सर्व वयांसाठीचे ‘जी’ मानांकन होते, आणि त्याच्या सुरुवातीच्या काही मिनिटांतच पिल्लाची आई मारली जाते. चित्रपट उत्तम आहे, मी स्वतः तो आवडीने पाहिला आहे. पण आई कामावर गेलेली असताना आणि ती येण्याची वाट पाहत बसलेले असताना तीन वर्षांच्या मुलाने तो पाहावा का, हा प्रश्न प्रमाणपत्र देणाऱ्यांपुढे कधी आलेलाच नसतो.

आणखी एक अडचण घरी बसून लक्षात येत नाही. पाळणाघरात पूर्ण लांबीचा चित्रपट सगळ्या मुलांनी शेवटपर्यंत पाहिला, असे सहसा घडत नाही. कोणाची आई साडेपाचला येते, कोणाचे आजोबा पाचलाच दारात उभे असतात. गोष्टीतले पिल्लू हरवले आहे, जंगलात रडत फिरते आहे आणि नेमक्या त्याच वेळी मुलाला चपला घालून घरी नेले जाते. पिल्लू सापडल्याचे त्याला कळतच नाही. ‘शेवट गोड आहे’ हे समर्थन त्या मुलाच्या दृष्टीने निरर्थक ठरते.

हा विषय आत्ताच काढण्याचे कारण असे, की गणेशोत्सवात शहरातल्या एका पाळणाघरात गणपतीच्या जन्मकथेचा कार्टून चित्रपट लावला गेला. त्यात बाबांनीच मुलाचे डोके उडवल्याचे दृश्य पाहून चार वर्षांची एक मुलगी त्या रात्री वडिलांजवळ झोपायला तयार होईना. तेव्हापासून दोन्ही बाजूंच्या पालकांत वाद चालू आहे. सर्वांची मते हवी आहेत, विरोधी मते विशेष करून.

एक वडील (मिरज)

ताई, आपल्या हेतूबद्दल मला आदर आहे, परंतु आपल्या मताशी मी सहमत नाही. गणपतीची ही कथा आपण सगळ्यांनी तीन-चार वर्षांचे असतानाच ऐकली आहे. हिरण्यकशिपू, पूतना, बकासुर, लेकुरवाळ्या शेळीच्या घरात शिरणारा लांडगा, यांतले काय सौम्य आहे? आपल्या आज्यांनी मुलांना या गोष्टी सांगितल्या, कारण भीती वाटणे आणि ती ओसरणे हे दोन्ही मुलाने आपल्या माणसांत बसून अनुभवावे, अशी त्यामागची समज होती. तळहातावरच्या फोडासारखे जपलेले मूल पहिलीत गेल्यावर पहिल्याच धक्क्याला कोलमडते. शिवाय सर्वांत लहान मुलाच्या मापाने सगळे ठरवायचे म्हटले, तर चौथीतल्या मुलांनी फुगे आणि फुलपाखरे पाहत बसायचे का? त्यांच्यावर हा अन्याय आहे. माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, तो पाळणाघरात कंटाळतो, आणि कंटाळलेला मुलगा काय करतो हे आपल्याला ठाऊक आहेच.

धागाकर्ती

दादा, आठ वर्षांच्या मुलाबद्दलचा आपला मुद्दा खरा आहे. त्याचे उत्तर वेगळी खोली किंवा वेगळी वेळ हे आहे. मोठ्यांचा चित्रपट लहानांना बघायला लावणे हे त्याचे उत्तर होत नाही, कारण आज प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी तेच घडते: निवड चौथीतली मुले करतात आणि समोर बसलेली असतात तीन वर्षांची.

आजीच्या गोष्टीबद्दल मात्र माझे म्हणणे वेगळे आहे. गोष्ट सांगणाऱ्या आजीचे डोळे मुलाच्या चेहऱ्यावर असतात. ओठ थरथरू लागले की ती आवाज खाली आणते, राक्षसाला थोडा वेडगळ करते, किंवा ‘पुढचे उद्या’ म्हणून थांबते. शिवाय मूल राक्षसाची जी कल्पना करते, ती त्याच्या झेपेइतकीच असते. पडद्यावरचा राक्षस मोठ्या माणसाने रंगवलेला असतो आणि तो कोणासाठी थांबत नाही. घाबरलेले मूल डोळ्यांवर हात घेते, पण पार्श्वसंगीत चालूच राहते, आणि पुष्कळदा खरी भीती त्या संगीतातच असते. आमच्याकडची एक मुलगी पडदा दिसू नये म्हणून उशीत तोंड खुपसते आणि तशीच मोठ्याने विचारत राहते, ‘गेला का? गेला का?’

या वयाची मुले मुख्यतः दिसण्याला घाबरतात. अक्राळविक्राळ पण मनाने चांगला प्राणी त्यांना भयंकर वाटतो आणि गोड चेहऱ्याची दुष्ट बाई चालते. ‘अरे, ते खरे नाही’ हे वाक्य आठ वर्षांच्या मुलाला आधार देते, तीन वर्षांच्या मुलाला देत नाही. त्याला कोणाचा तरी हात लागतो, मांडी लागते. एका ताईच्या भोवती बारा मुले असतील तर मांड्या पुरणार कशा?

एक बालरोगतज्ज्ञ (सांगली)

दोघांच्याही चर्चेत मूळ प्रश्न बाजूला राहिला आहे, असे मला नम्रपणे सुचवायचे आहे. कोणता चित्रपट, हे ठरवण्याआधी चित्रपट हवाच का, हे ठरवावे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार एक वर्षाखालील बाळाला पडद्यासमोर मुळीच बसवू नये, एक वर्षाच्या मुलालाही बसवू नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसभरात एक तासाची मर्यादा आहे, त्यातही जितके कमी तितके चांगले. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची भूमिकाही जवळपास अशीच आहे: दोन वर्षांखाली कौटुंबिक व्हिडिओ कॉल सोडल्यास पडदा नको आणि दोन ते पाच या वयात देखरेखीखाली जास्तीत जास्त एक तास.

आता हिशेब पाहा. दीड तासाचा चित्रपट, तो कितीही निर्मळ असला तरी, या मर्यादेत बसतच नाही. आणि हा एक तास पूर्ण दिवसाचा आहे. मूल घरी गेल्यावर आजीबरोबर मालिका पाहणार असेल, जेवताना समोर मोबाइल असणार असेल, तर पाळणाघराच्या वाट्याला काहीच उरत नाही. माझ्याकडे बोलायला उशीर झालेली मुले येतात. मी प्रत्येक वेळी दोष पडद्याला देत नाही, पण बोलणे हे बोलणाऱ्या माणसाकडूनच शिकले जाते, आणि पडद्यासमोर गेलेला वेळ त्या माणसाच्या वाट्यातून गेलेला असतो.

पाळणाघर सांभाळणाऱ्या (कुपवाड)

डॉक्टरसाहेब, आपले सांगणे शास्त्राला धरून आहे, पण ते आमच्या खोलीत उभे राहून सांगितलेले नाही. आमच्याकडच्या निम्म्या आया एमआयडीसीत कामाला आहेत. आम्ही दोघीजणी आहोत. पाच ते सहा या वेळात एक जण दारात मुले आणि दप्तरे सोपवत असते, दुसरी तान्ह्याला दूध पाजत असते. उरलेली मुले त्याच तासात सर्वाधिक रडतात, कारण दुसऱ्यांच्या आया आलेल्या त्यांना दिसतात. त्या वेळी वीस मिनिटे पडदा लावला तर मुले एका जागी सुरक्षित बसतात. तिसरी बाई ठेवायची तर फी वाढवावी लागेल, आणि तेवढी फी देणाऱ्या आया आमच्याकडे येतच नाहीत. ‘पडदा नकोच’ असे म्हणणाऱ्यांनी त्या तासाचे काय करायचे तेही सांगावे. बाकी दीड वर्षाच्या बाळांना आम्ही आतल्या खोलीत ठेवतो, हे नमूद करते.

विश्रामबागच्या ताईंनी आधी स्वतः पाहण्याची जी अट घातली आहे ती मला मान्य आहे, पण एक भर घालते. यूट्यूबवर एक गाणे लावून स्वयंपाकघरात गेले की पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होतो आणि तो आपण निवडलेला नसतो. म्हणून पाहिलेल्या चित्रफिती आम्ही पेनड्राइव्हवर ठेवतो.

बालवाडी शिक्षिका (सातारा)

भीतीवर पुष्कळ लिहून झाले, वेगावर कोणीच लिहिलेले नाही. 2011 साली ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. चार वर्षांच्या 60 मुलांचे तीन गट करून एका गटाला वेगवान कार्टून, दुसऱ्याला संथ शैक्षणिक कार्टून दाखवले आणि तिसऱ्याला चित्रे रंगवायला दिली. अवघी नऊ मिनिटे. वेगवान कार्टूनमध्ये सरासरी 11 सेकंदांना दृश्य बदलत होते, संथ कार्टूनमध्ये 34 सेकंदांना. त्यानंतर लगेच घेतलेल्या चाचण्यांत वेगवान कार्टून पाहिलेल्या मुलांना सूचना लक्षात ठेवणे आणि स्वतःला आवरणे, दोन्ही अवघड गेले. त्या कार्टूनमध्ये भीतीदायक काही नव्हते. म्हणून निवड करताना मी घड्याळ घेऊन बसते आणि एक दृश्य किती वेळ टिकते ते पाहते. माणसे किंवा प्राणी एखादे काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत करताना दिसतात का, हेही मी पाहते. कुंभार मडके घडवतो आहे, कोंबडी अंडी उबवते आहे, अशा दहा मिनिटांच्या संथ चित्रफितीनंतर माझी मुले मातीकडे धावतात. वेगवान कार्टूननंतर ती एकमेकांवर धावतात.

एक वडील (मिरज)

मॅडम, 60 मुलांच्या, तेही लगेचच्या परिणामावरून एवढे मोठे अनुमान काढणे घाईचे वाटते. तासाभराने ती मुले पूर्ववत झाली असतील तर?

पण माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे: हा अधिकार पाळणाघराला दिला कोणी? 2023 च्या कायदादुरुस्तीने ‘यूए’ प्रमाणपत्राचे 7, 13 आणि 16 वर्षांवरील असे भाग केले, आणि त्या वयाच्या खुणा पालकांच्या मार्गदर्शनासाठीच आहेत, असेही तिथे स्पष्ट केले. म्हणजे निर्णय आई-वडिलांचा आहे. उद्या एखाद्या ताईंना पौराणिक कथा नकोशा वाटल्या, तर माझ्या मुलाला त्या मिळणार नाहीत का?

धागाकर्ती

आपण दिलेला आधार अचूक आहे, आणि माझ्या मते तो माझ्याच बाजूने जातो. ‘पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा’ असा चित्रपट जिथे पालकच नाहीत अशा खोलीत लावायचा, तर ते मार्गदर्शन कोण करणार? सात वर्षांवरील खूण असलेला चित्रपट म्हणूनच मी मिश्र वयाच्या खोलीत कधीच लावणार नाही. मात्र ‘यू’ असलेल्या चित्रपटाबाबतही पालकांना आधी नाव, लांबी आणि त्यात मृत्यू, ताटातूट किंवा मारामारी आहे का, हे लिहून कळवणे मी माझे कर्तव्य समजते. एकाही पालकाने नको म्हटले तर तो लागणार नाही. बहुमताने हे ठरवू नये, कारण घाबरलेल्या मुलाला बहुमताचा काही उपयोग नसतो.

पौराणिक कथांना माझा मुळीच विरोध नाही. सांगलीत राहून गणपतीची गोष्ट मुलांना सांगायची नाही, हे माझ्याच्याने होणार नाही. ती मी सांगते, मांडीवर घेऊन, आणि लहानांसाठी मोदकांपासून सुरू करते. जन्मकथेचा चित्रपट त्यांनी आपल्या घरी आपल्या वडिलांच्या कुशीत बसून पाहावा.

डॉक्टरांचा हिशेब मला पूर्ण पटतो. म्हणून पूर्ण लांबीचे चित्रपट लहानांच्या खोलीतून कायमचे बंद करते. कुपवाडच्या ताईंच्या पाच ते सहाच्या अडचणीला मात्र माझ्याकडे पुरेसे उत्तर नाही. आमच्याकडे त्या वेळी दोन आजी येऊन गाणी म्हणतात, पण अशा आजी सगळीकडे मिळतील असे मी म्हणणार नाही.

एक आई (माधवनगर)

माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे आणि ती वीस मिनिटांचीही चित्रफीत पाहू नये, असे आम्हा दोघांचे मत आहे. पण तिच्यामुळे बाकीच्या मुलांचे बंद व्हावे, असेही वाटत नाही. पडदा चालू असताना तिला ओट्यावर खडू-पाटी घेऊन बसवता येईल का? तिच्यासोबत बसणारी व्यक्ती लागेल, हे मला समजते.

धागाकर्ती

नक्की बसवू. त्या वेळी एक आजी बाहेर ओट्यावरच असतात, आणि आणखी दोन मुलांनाही तिकडेच बसायला आवडते. मात्र आपण तिला न्यायला किती वाजता येता ते कळवा, म्हणजे चित्रफीत त्याआधी संपेल अशीच लावीन, आणि इतर मुलांपैकी कोणालाही ती अर्धवट सोडून जावे लागणार नाही.

एक बालरोगतज्ज्ञ (सांगली)

त्या ओट्यावर बसणाऱ्या मुलांची संख्या वाढावी, इतकीच माझी मागणी आहे. आठवड्यातून एका संध्याकाळी मी येऊन मुलांना गोष्ट सांगेन. कुपवाडलाही येईन, पाच ते सहा याच वेळात.

पाळणाघर सांभाळणाऱ्या (कुपवाड)

बुधवारी या, साहेब. त्या दिवशी आमच्यातली एक जण सुट्टीवर असते.