अपडेट केला आणि बोर्ड उठलाच नाही : तुमचे अनुभव, तुमचे उपाय

सांजवारा :
काल रास्पबेरी पायसारख्या छोट्या लिनक्स बोर्डाच्या अपग्रेडची यादी नजरेखालून घालत होतो. कर्नल (सिस्टमचा गाभा), डीटीबी (हार्डवेअरचा नकाशा) आणि यू-बूट (कर्नल लोड करणारा बूटलोडर), तिन्ही एकाच यादीत. एंटरवर गेलेलं बोट मागे घेतलं, कारण अशाच एका यादीनंतर आमच्या घरातला बोर्ड गप्प झाला होता. त्यावर बाबांच्या औषधांच्या वेळांचा गजर चालायचा. रीबूट दिला, लाल दिवा लागला, हिरवा मात्र लुकलुकलाच नाही. ना पिंगला उत्तर, ना एसएसएचने नेटवर्कवरून आत जाता येत. बोर्डाला स्क्रीन नव्हती, कीबोर्ड नव्हता, त्यामुळे आत नेमकं कुठे अडलंय हे कळायला मार्गच नाही. "गजर वाजला नाही रे अजून", असं बाबा दिवसभर विचारत होते.

पीसीवर असं झालं की ग्रब या बूटलोडरच्या मेनूतून जुना कर्नल निवडायचा आणि पुढे जायचं. या छोट्या बोर्डांवर तो मेनू बहुतेक वेळा नसतोच. शिवाय कुठलं हार्डवेअर कुठे जोडलंय हे पीसीवर फर्मवेअर सांगतं. इथे ते काम डीटीबी फाइलीचं. कर्नल एका आवृत्तीचा आणि डीटीबी दुसऱ्या आवृत्तीची झाली की कधी इथरनेट गायब, कधी सिस्टम ज्यावर आहे ते एसडी कार्डच सापडत नाही. आणि काही सिस्टमवर नवा कर्नल जुन्याच्याच नावाने त्याच जागी बसतो, म्हणजे मागे फिरायला काही उरत नाही.

अपडेट बंद करा असं मी म्हणणार नाही. नेटवर्कवर उघडा असलेला बोर्ड वर्षानुवर्षं तसाच ठेवणं जास्त वाईट. पण बूटला हात लावणारी पॅकेजेस आणि बाकीची पॅकेजेस यांचे दिवस वेगळे हवेत. मी एपीटी-मार्क होल्डने ती तिन्ही अडवून ठेवतो, बाकीचं नेहमीसारखं अपग्रेड होत राहतं. अडवलेली तिन्ही मी घरी असताना, दिवसा, कार्डाची प्रत काढून झाल्यावरच सोडतो.

तुमच्याकडे काय झालं आणि आता तुम्ही काय करता ते लिहा. लहानसहान असलं तरी लिहा.

गच्ची :
होल्डला +१. पण होल्ड करताना कर्नल आणि डीटीबी दोन्ही धरा हो. आमच्या टाकीच्या पातळीवर लक्ष ठेवणाऱ्या बोर्डावर कोणीतरी फक्त कर्नल धरून ठेवला होता, डीटीबी पुढे निघून गेली. बोर्ड उठला, पण सेन्सर ज्यावर जोडलाय ती आयटूसी लाइनच नाही. टाकी वाहून गेली तेव्हा कळलं. आर्मबियन (अशा बोर्डांसाठीची लिनक्स) वापरत असाल तर आर्मबियन-कॉन्फिगमध्ये कर्नल गोठवायचा पर्याय आहे, तो ही सगळी पॅकेजेस एकत्र धरतो. हाताने नावं लिहिण्यापेक्षा ते बरं.

खडूफळा :
माझ्या बाबतीत कर्नलचा काहीच संबंध नव्हता. बॅकअपची यूएसबी डिस्क काढून ठेवली होती, अपडेटनंतर रीबूट झालं, बोर्ड गायब. सगळ्यांनी अपडेटला दोष दिला. प्रत्यक्षात एफएसटॅबमध्ये, म्हणजे बूटला जोडायच्या डिस्कच्या यादीत, त्या डिस्कची ओळ होती. सिस्टमडी (कर्नलनंतर बाकी सगळं सुरू करणारा प्रोग्रॅम) तिची ९० सेकंद वाट बघतो आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन रूटचा पासवर्ड मागतो. कुठे मागतो? जी स्क्रीन जोडलेलीच नाही तिथे. बाहेरच्या प्रत्येक डिस्कच्या ओळीत नोफेल लिहा, मग ती नसली तरी बोर्ड पुढे जातो. ही एक सवय लावली तर निम्मी रडारड थांबेल असं मला मनापासून वाटतं.

झुळूक :
वाचतेय. आमच्याकडेही एक आहे, जाहिराती अडवायला. एक विचारू का, नुसतं अपडेट चालवलं आणि अपग्रेड नाही केलं तर बूट बिघडू शकतं का?

गच्ची :
@झुळूक नाही ताई. एपीटी अपडेटने फक्त पॅकेजची यादी ताजी होते, बसत काहीच नाही. अपग्रेड म्हटलं की खरी उलथापालथ.

तिसरी_पिन :
या धाग्यावर सीरियल कन्सोलबद्दल (बूटचे संदेश वायरने दुसऱ्या संगणकावर बघणं) अजून कोणीच कसं लिहिलं नाही? सांजवारा, तुमचा तो "कळायला मार्गच नाही" वाला दिवस वाचला, अगदी हळहळ वाटली, कारण मार्ग असतो! बोर्डावर तीन पिना असतात, जीएनडी, टीएक्स, आरएक्स. यूएसबी ते यूएआरटी (सीरियल) अडॅप्टर घ्या, ३.३ व्होल्टचा, ५ चा नको, पिना जळतात. बोर्डाचा टीएक्स अडॅप्टरच्या आरएक्सला, आरएक्स टीएक्सला, जीएनडी जीएनडीला, आणि अडॅप्टरची वीजवाली वायर लावायचीच नाही, बोर्डाला वीज त्याच्या नेहमीच्या जागेतूनच. रास्पबेरी पायवर कॉन्फिग फाइलीत इनेबल_यूएआरटी १ करून ठेवा, बिघडायच्या आधीच. पाय ५ ला तर यासाठी तीन पिनांचा वेगळा कनेक्टरच दिलाय.

मग जे दिसतं ते सोनं आहे. यू-बूट बोलतोय का? नाही, तर बूटलोडरच गेलाय. यू-बूट बोलतोय पण कर्नल लोड होत नाही? फाइल नाही किंवा अर्धवट लिहिलीय. कर्नल बोलतोय आणि "रूट डिव्हाइसची वाट बघतोय" म्हणून थांबलाय? मग रूटचा पत्ता चुकलाय (रूट म्हणजे मुख्य सिस्टम असलेलं विभाजन). तीन वेगळे आजार, तीन वेगळे उपाय, आणि बाहेरून तिन्ही अगदी सारखे दिसतात. लोक तिन्हींवर कार्ड नव्याने लिहितात आणि सगळा सेटअप घालवून बसतात, ते मला बघवत नाही.

निळीशाई :
तिसरी_पिन, रॉकचिपची चिप असलेल्या बोर्डवाल्यांसाठी एक भर. तिथे सीरियलचा वेग बहुतेक वेळा ११५२०० नसतो, १५००००० असतो. ११५२०० वर कचरा अक्षरं दिसतात आणि माणूस समजतो बोर्ड मेला. अडॅप्टरही बघून घ्या, साध्या सीपी२१०२ ची कमाल १० लाख आहे, त्याला हा वेग झेपत नाही.

झुळूक :
अरे देवा, म्हणजे आमचा जुना बोर्ड मेलेला नसेलही! ड्रॉवरमध्ये पडलाय. अक्षरं अशीच यायची.

निळीशाई :
टाकू नका तो. संध्याकाळी वेग बदलून बघा आणि इथे सांगा.

पायवाट :
"रूटचा पत्ता चुकलाय" यावरून. आमच्या बोर्डावर कार्ड आणि ईएमएमसी (बोर्डावरचीच साठवण) दोन्ही आहेत. जुन्या कर्नलला कार्ड एमएमसीबीएलके० दिसायचं, नव्याला तेच १. बूटच्या ओळीत ० लिहिलेलं, म्हणजे कर्नल ईएमएमसीवर रूट शोधत बसला. क्रमांक कधीच लिहू नये, यूयूआयडी (विभाजनाची न बदलणारी ओळख) लिहावा. आणि इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला मेमरीत चालणारी छोटी तात्पुरती सिस्टम) वापरत नसाल तर पार्टयूयूआयडी लिहा, कारण साधा यूयूआयडी ओळखायला इनिटरॅमएफएस लागतो, पार्टयूयूआयडी कर्नलला स्वतःला कळतो. घाईत आहे, बाकी रात्री.

हिरवादिवा :
आमच्याकडे वीज गेली, इनिटरॅमएफएस लिहिला जात असतानाच. बूटचं विभाजन फॅट, त्याला जर्नल (अर्धवट लिखाण सावरणारी नोंद) नाही, फाइल अर्धवट राहिली. कार्ड काढून लॅपटॉपला लावलं, फॅट दुरुस्त केलं, रूटमध्ये क्रूट करून (लॅपटॉपवरूनच त्या सिस्टमच्या आत शिरून) पॅकेज बसवणाऱ्या डीपीकेजीला अर्धवट राहिलेलं पुरं करायला लावलं, इनिटरॅमएफएस पुन्हा बनवला. उठला. डेटा एक बाइटही गेला नाही.

त्यात कळलेली दुसरी गोष्ट : बूटचं विभाजन जवळजवळ भरलेलं होतं. रास्पबेरी पायच्या जुन्या इमेजमध्ये ते २५६ एमबीचं असायचं, बुकवर्म आवृत्तीपासून ५१२. दोन-तीन कर्नल आणि त्यांचे इनिटरॅमएफएस झाले की २५६ पुरत नाही, आणि जागा संपली की पुन्हा तीच अर्धवट फाइल. अपग्रेडच्या आधी डीएफने मोकळी जागा बघणं हे एका मिनिटाचं काम आहे. आणि एसएसएचवरून करताना टीमक्सच्या आत करा. वायफाय मधेच तुटलं तर अपग्रेडही मधेच मरायला नको.

माळ्यावरचा :
मला सगळ्यात घातक वाटतं ते वेगळंच आहे. अनअटेंडेड-अपग्रेड्स (आपोआप अपग्रेड करणारं पॅकेज) चालू असतं, ते कर्नल बसवतं, पण आपणहून रीबूट करत नाही, डेबियनमध्ये ते आपोआप रीबूट मुळात बंदच असतं. बोर्ड महिनोन्‌महिने जुन्याच कर्नलवर मजेत चालतो. मग एक दिवस वीज जाते, येते, आणि बोर्ड उठत नाही. सगळे म्हणतात विजेने कार्ड खाल्लं. खरा बदल कधी झाला होता ते कोणाच्या लक्षातही नसतं.

म्हणून मी दोनदा रीबूट करतो. अपग्रेडच्या आधी एकदा, आत्ता आहे ते उठतं का बघायला. आणि नंतर लगेच एकदा, मी शेजारी बसलेलो असताना. आधीच्या रीबूटलाच अडकला तर निदान कळतं की दोष आजच्या अपग्रेडचा नाही.

खडूफळा :
आधीचा रीबूट! हे कधी सुचलंच नव्हतं. आजपासून.

धुकं :
आमचे बोर्ड अशा जागी आहेत की तिथे जायला अर्धा दिवस चालावं लागतं, डोंगरावरची हवामानाची नोंद. कोणी शेजारी बसू शकत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

यू-बूट असेल तर त्यात बूटकाउंट आहे. प्रत्येक बूटला आकडा एकने वाढतो. बूटलिमिट ओलांडला की यू-बूट नेहमीची आज्ञा सोडून ऑल्टबूटकमांड चालवतो, तिच्यात जुना कर्नल किंवा दुसरं रूट विभाजन लिहून ठेवायचं. सिस्टम नीट उठली की एका सेवेने आकडा पुन्हा शून्य करायचा. "नीट" म्हणजे काय हे मात्र तुम्हीच ठरवा. आम्ही नेटवर्क जोडलं गेलं आणि नोंद पाठवली गेली, एवढं झाल्याशिवाय शून्य करत नाही, कारण उठलेला पण बोलू न शकणारा बोर्ड आमच्यासाठी मेलेलाच.

रास्पबेरी पायवर ट्रायबूट आहे. रीबूटला "० ट्रायबूट" हा शब्द दिला की फर्मवेअर त्या एकाच वेळी कॉन्फिगऐवजी ट्रायबूट नावाची फाइल वाचतं. नवा कर्नल तिच्यात लिहायचा. जमलं तर तो कायमचा करायचा. अडकला तर पुढच्या रीबूटला जुनीच फाइल, जुनाच कर्नल.

पण अडकलेला बोर्ड रीबूट कोण करणार? कर्नल पॅनिक असेल तर बूटच्या ओळीत पॅनिक=१० लिहून ठेवा, १० सेकंदांनी आपोआप सुरू होतो. नुसताच थिजला तर हार्डवेअर वॉचडॉग, म्हणजे थिजलेल्या बोर्डाला रीबूट करणारा टायमर. इथे बहुतेक जण सिस्टमडीत रनटाइम वॉचडॉग लावतात आणि निश्चिंत होतात. सिस्टमडी उठेपर्यंत तो चालूच होत नाही, मग त्याआधी थिजलेल्या कर्नलला कोण जागं करणार? शक्य असेल तिथे वॉचडॉग यू-बूटनेच सुरू केलेला हवा.

याच्याही पुढे जायचं तर दोन पूर्ण रूट विभाजनं ठेवायची, एकावर चालायचं, दुसऱ्यावर नवी इमेज लिहायची, जमलं तर तिकडे जायचं. रॉक (आरएयूसी), मेंडर, एसडब्ल्यूअपडेट ही त्यासाठीची तयार साधनं आहेत. घरच्या एका बोर्डासाठी जास्त वाटेल, डोंगरावरच्यासाठी नाही.

तिसरी_पिन :
धुकं, हा प्रतिसाद मी उतरवून ठेवतोय. "उठलेला पण बोलू न शकणारा", अगदी अगदी.

रातकिडा :
त्यावरूनच. आमचा बोर्ड उठला नाही असं सगळे म्हणत होते, तो उठलेला होता. यूएसबी वायफायचा ड्रायव्हर डीकेएमएसने (प्रत्येक नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर पुन्हा बनवणारं साधन) बनवलेला. नवा कर्नल आला, त्याचे हेडर्स आले नाहीत, ड्रायव्हर बनलाच नाही. इथरनेटची वायर लावल्याबरोबर बोर्ड हजर. आधी वायर लावून बघा लोकहो, मग कार्डाला हात लावा.

निळीशाई :
आणि ईएमएमसीवरून चालवणारे, तुमच्यासाठी. "बिघडलं तर एसडी कार्डावरून उठवू" असं गृहीत धरू नका. ऑलविनरची चिप आधी कार्ड बघते, तिथे जमतं. रॉकचिपच्या आरके३३९९ सारख्या चिपवर एसपीआय फ्लॅश आणि ईएमएमसी आधी, कार्ड शेवटी. ईएमएमसीवरचा यू-बूट सापडला पण बिघडलेला असेल तर कार्डाची पाळी येतच नाही. मग मास्करॉमचं (चिपला यूएसबीवरून उठवायच्या मोडचं) बटण किंवा पिना शोधाव्या लागतात. तुमच्या बोर्डावर त्या कुठे आहेत ते आजच बघून ठेवा. आणि चालणाऱ्या यू-बूटला विनाकारण हात लावू नका, त्याचा होल्ड मी तर कधीच काढत नाही.

पायवाट :
रात्री लिहितो म्हटलं होतं, पण निळीशाईंनी तेच लिहिलं. यू-बूटच्या होल्डला दुजोरा.

झुळूक :
सांजवारा, बाबांच्या गजराचं पुढे काय झालं?

सांजवारा :
चालू आहे ताई. बोर्डाच्या डबीतच आता दुसरं कार्ड चिकटवलेलं असतं, चालू स्थितीतलं. मी नसलो तर आई कार्ड बदलते आणि वीज पुन्हा लावते. बाबांनी डबीवर स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलंय, कुठलं कार्ड कधीचं ते.

झुळूक :
हे फार आवडलं. ते दुसरं कार्ड बनवायला बोर्ड बंद करायला लागतो का?

सांजवारा :
बंद करून लॅपटॉपवर डीडीने प्रत काढणं सगळ्यात निर्धोक. चालू सिस्टमवरून काढायची तर पायसाठी आरपीआय-क्लोन आहे. डेटाबेस असेल तर तेवढा वेळ तो थांबवा.

हिरवादिवा :
डीडीची प्रत असेल तर एक लक्षात ठेवा, दोन्ही कार्डांचे यूयूआयडी सारखेच असतात. मूळ कार्ड आत आणि प्रत यूएसबी रीडरमध्ये अशी दोन्ही लावून रीबूट केलं तर रूट म्हणून कुठलं जोडलं जाईल त्याचा भरवसा नाही.

झुळूक :
बरं, रीडर काढूनच सुरू करीन. निळीशाई, वेग १५००००० केला, अक्षरं वाचता येतायत! "रूट डिव्हाइसची वाट बघतोय" असं काहीतरी येऊन थांबलाय.

पायवाट :
मग तो माझ्याचसारखा आहे. बूटच्या ओळीत रूटपुढे काय लिहिलंय ते इथे टाका, बघू.