विषय: अंदमानला निघालोय, काय गाळलं तर चालेल?

प्रेषक: मांजलपूर

बडोद्याच्या आपल्या मंडळातल्या सर्वांना नमस्कार,

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही तीन घरची मिळून अकरा माणसं अंदमानला निघालोय. पाच रात्री, सहा दिवस. एजंटने यादी पाठवलीय ती वाचूनच दमायला झालं: सी-वॉक, काचेच्या तळाची बोट, जेट स्की, बाराटांगची गुहा, चिखलाचा ज्वालामुखी, नॉर्थ बे, एलिफंट बीच. यातल्या निम्म्या गोष्टींचे पैसे वेगळे. सासूबाईंना बहात्तरावं लागलंय, गुडघे कुरकुरतात. मुलं नऊ आणि बारा वर्षांची. जे जाऊन आलेत त्यांनी मोकळेपणाने सांगा, यातलं काय सोडावं?

---

प्रेषक: दांडिया बाजार

अगं, पैसे भरायच्या आधी विचारलंस ते बरं केलंस. तुझ्या सासूबाई आमच्या भजनी मंडळातल्या, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आम्ही दोघं अंदमानला दोनदा गेलो. पहिल्यांदा पॅकेजमधून, आणि तीन वर्षांनी आमचे आम्हीच. पहिल्या खेपेला जिथे मन खट्टू झालं, त्यातल्या काही जागा दुसऱ्या खेपेला इतक्या सुंदर दिसल्या की विश्वास बसेना. जागा त्याच होत्या, पाण्याची वेळ वेगळी होती. म्हणून यादीवर काट मारायच्या आधी तुमच्या तारखांचं भरती-ओहोटीचं कोष्टक काढून घे.

शहीद द्वीप, म्हणजे जुनं नील, तिथलंच सांगते. लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावर खडकाची एक नैसर्गिक कमान आहे. पहिल्या वेळी गाडीने आम्हाला भर दुपारी तिथे सोडलं आणि नेमकी भरती होती. पायऱ्या उतरून बघतो तर लाटा खडकांवर आपटताहेत, कमानीपर्यंत जायला वाटच नाही. लांबून एक फोटो काढला आणि बोटीची वेळ झाली म्हणून परतलो. पुढच्या खेपेला ओहोटीच्या तासभर आधी पोहोचलो. सगळा किनारा उघडा पडलेला, घोट्याएवढं पाणी, आणि खडकातल्या प्रत्येक खळग्यात काही ना काही जिवंत. काळी समुद्रकाकडी, आपल्या बाजारातल्या काकडीएवढी, हलतेय की नाही तेही कळत नाही. एका खळग्यात मोठा शिंपला खडकात रुतून बसला होता. त्याच्या कडा निळ्या-जांभळ्या, मखमलीसारख्या. मी वाकले, माझी सावली त्याच्यावर पडली आणि त्या कडा झटकन आत गेल्या. बाजूला झाले, तर जरा वेळाने पुन्हा हळूहळू उघडल्या. तिथल्या एका कोळ्याने हे दाखवलं, अर्धा तास तो आमच्याबरोबर फिरला. तुझी मुलं तिथून हलणार नाहीत बघ. फक्त पायात पट्ट्याच्या जाड सँडल हव्यात, प्रवाळाचा खडक कातरतो. आणि हात काही लावायचा नाही.

आपण कावी-कंबोईला स्तंभेश्वर महादेवाला निघतो तेव्हा आधी ओहोटीची वेळ विचारतो ना? भरतीत देऊळ पाण्याखाली जातं हे आपल्याला ठाऊक असतं. खंभातच्या आखातात पाणी दहा मीटरच्या वर चढतं. अंदमानात उधाणालासुद्धा फरक दोन मीटरच्या आसपास असतो, म्हणून कोणाला वाटतं की त्याने काय होणार. पण उथळ प्रवाळी किनाऱ्याला तेवढं पुरतं. माझे सासरे रत्नागिरीकडचे, ते तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगायचे, अष्टमीला सहा वाजता वगैरे. तो हिशेब कोकण किनाऱ्याचा. अंदमानला तो लावू नकोस, तिथलंच कोष्टक बघ.

आता गाळायचं काय ते.

बाराटांग गाळ. सासूबाईंना मध्यरात्रीनंतर उठवून पहाटे जिरकाटांगच्या नाक्यावर रांगेत बसवायचं, मग गाड्यांच्या ताफ्यातून जंगल ओलांडायचं, पुढे फेरी, पुढे छोटी बोट, पुढे चालणं. चुनखडीची गुहा चांगली आहे, खारफुटीतून जाणारी बोटही. पण चिखलाचा ज्वालामुखी म्हणजे कुंपणात राखाडी चिखल आणि थांबून थांबून येणारा एखादा बुडबुडा. मुलं आगीच्या अपेक्षेने जातात आणि हिरमुसतात. माझं खरं कारण मात्र वेगळं आहे. तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. 1956 च्या नियमाने त्यांना संरक्षण दिलेलं आहे. तिथे थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही, खायला द्यायचं नाही. आमच्या गाडीतून रस्त्याच्या कडेला एक बाई मूल कडेवर घेऊन उभी दिसली. गाडीतल्या सगळ्या माना तिकडे वळल्या, एकाने फोन काढला, ड्रायव्हर ओरडला तेव्हा ठेवला. मला इतकी शरम वाटली की परतीच्या वाटेवर मी डोळे मिटून बसले. कोणाच्या घरावरून त्यांना बघायला म्हणून जाणं मला पुन्हा जमणार नाही, आणि तुम्हीही जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

नॉर्थ बे गाळ. गाईड जुनी वीसची नोट काढून मागचं चित्र दाखवतो. पण ते दृश्य आहे माउंट हॅरिएटच्या टेकडीवरून दिसणारं. 2021 साली त्याचं नाव माउंट मणिपूर झालं. ते बघायचं तर टेकडीवर जा. नॉर्थ बेला आम्ही सी-वॉक केला: डोक्यावर जड हेल्मेट, नळीतून हवा, शिडीने खाली. तळाशी वाळू उठून गढूळ झालेलं, माशांना खाऊ टाकून जवळ बोलावलेलं. वर बोटींची सारखी ये-जा. जाहिरातीतले रंगीत प्रवाळ शोधत राहिले. 2010 साली समुद्र तापला तेव्हा अंदमानची प्रवाळं मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली होती. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, रंग बराचसा त्याचा. पाणी फार तापलं की ते निघून जातं. अशा दुखावलेल्या जागेवर आपण पाय द्यायला कशाला जायचं?

जेट स्की सुरसागर तलावात केली काय नि तिथे केली काय, सारखीच.

एक चूक मात्र सगळेच करतात. हॅवलॉक बेटावरच्या राधानगर किनाऱ्याचा सूर्यास्त. तिथे डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, आपल्यापेक्षा तासभर आधी. जेवून, जरा पडून, चहा घेऊन निघालात तर अंधारच दिसेल. साडेतीनला वाळूवर असा.

आणि शंख-शिंपले, प्रवाळाचे तुकडे आणू नका. प्रवाळ 1972 च्या वन्यजीव कायद्यात येतं, मेलेला तुकडासुद्धा. विमानतळावर बॅगा तपासतात. आमच्या नातीच्या खिशातून निघाले तेव्हा ती रडून रडून लाल झाली.

यातून जो वेळ वाचेल तो सगळा सेल्युलर जेलला दे. पॅकेजवाले एक तास देतात, त्यात काही होत नाही. 1896 ते 1906 या काळात सात शाखांचा तुरुंग बांधला, त्यातल्या तीनच उरल्यात. योगी अरविंद घोष बडोद्यात राहायचे त्या अरविंद निवासावरून आपण रोज जातो-येतो. अरविंदबाबूंचे धाकटे भाऊ, क्रांतिकारक बारींद्र घोष बडोद्याला त्यांच्याकडे आले होते, ते 1909 पासून 1920 पर्यंत याच तुरुंगात होते. सावरकर बंधू तर तिथे होतेच. मुलांना निघायच्या आधी हे सांग, म्हणजे कोलू बघताना त्यांना तो नुसता तेलाचा घाणा वाटणार नाही.

---

प्रेषक: कारेलीबाग

काकूंच्या बाकी सगळ्याला माझा दुजोरा, पण सी-वॉकबद्दल थोडं वेगळं सांगायचंय. माझ्या बाबांना पोहता येत नाही, कधी शिकलेच नाहीत. अडुसष्टाव्या वर्षी त्यांनी एलिफंट बीचला सी-वॉक केला. सकाळची पहिली बोट होती, गर्दी नव्हती, पाणी स्वच्छ. निळा-हिरवा पोपटमासा प्रवाळाला टोचा मारताना त्यांना दिसला. वर आले तेव्हा बराच वेळ बोललेच नाहीत. आजही बँकेतल्या मित्रांना तो मासा सांगतात. तेव्हा सरसकट नको म्हणू नका. मात्र एलिफंट बीचला बोटीतून गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं, आजींना ते जड जाईल.

---

प्रेषक: दांडिया बाजार

तुझ्या बाबांचं वाचून फार बरं वाटलं. माझं मत नॉर्थ बेच्या दुपारवर बनलेलं आहे, हे खरं. मग असं करा: ज्यांना जायचंय त्यांनी पहिल्या बोटीने एलिफंट बीचला जावं, पाणी गढूळ असलं तर पैसे न भरता नुसतं पोहून परत यावं. सासूबाईंनी तोवर राधानगरला झाडांच्या सावलीत बसावं. मागे महुआची उंच झाडं आहेत, गार असतं.

---

प्रेषक: मांजलपूर

काकू, दादा, खूप आभार. एजंटशी बोलले. बाराटांग आणि नॉर्थ बे काढलं, तो पैसे वजा करायला तयार आहे. नीलला एक रात्र वाढवली. आमच्या तारखेला तिथली ओहोटी दुपारी आहे, त्यामुळे सकाळची बोट बदलून घ्यावी लागेल, ते आज करते. सेल्युलर जेलला पूर्ण दुपार ठेवलीय.

सासूबाईंना तुमची मेल वाचून दाखवली. त्या म्हणतात, बाकी कुठे नाही नेलंत तरी चालेल, तात्यारावांच्या कोठडीपर्यंत मी चढणार. ती अगदी वरच्या मजल्यावर आहे असं ऐकलं. काकू, जिन्याला धरायला कठडा आहे का, आणि मध्ये कुठे टेकायला जागा आहे का, एवढं कळवाल?