नोहाचा जलप्रलय: पाणी आलं कुठून?

शरणपूररोड:
चर्चच्या रविवारच्या शाळेत बायबलमधल्या नोहाचा धडा चालू आहे. एका मुलीने विचारलं, "नुसत्या चाळीस दिवसांच्या पावसाने डोंगर कसे बुडतील?" ती नाशिकला पंचवटीत राहते. गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती बुडवणारं पाणी त्र्यंबककडच्या पावसाचं, गंगापूर धरणातून सोडलेलं असतं, हे तिला ठाऊक आहे. बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकात (७:११) महाजलाशयाचे झरे फुटल्याचं आधी येतं, पाऊस नंतर. ते झरे म्हणजे भूजल का? तिला नीट उत्तर द्यायचंय.

सातपूरकर:
हो ताई, भूजलच. २०१४ मध्ये ब्राझीलच्या एका हिऱ्यात रिंगवूडाइट हे खनिज सापडलं, त्यात पाणी होतं. म्हणजे पृथ्वीच्या पोटात साठा आहेच.

गोदाकाठचा_वाचक:
दादा, ते पाणी खनिजाच्या स्फटिकात बांधलेलं आहे. ते झऱ्यासारखं फुटून वर येत नाही. पावसाचंही तसंच: हवेतली सगळी वाफ एकदम पडली तरी पृथ्वीभर सरासरी अडीच सेंटिमीटरच पाणी साचेल. माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली, त्यामुळे आवक-जावक जुळवून पाहायची सवय आहे. इथे ती जुळत नाही, आणि माझ्या मते जुळवायचीही नाही.

ताई, मुलीला आधी उत्पत्तीचा पहिला अध्याय वाचून दाखवा. सुरुवातीला सगळीकडे खोल पाणीच आहे. दुसऱ्या दिवशी देव मध्ये अंतराळ घालून वरचं आणि खालचं पाणी वेगळं करतो, तिसऱ्या दिवशी कोरडी जमीन दिसते. सातव्या अध्यायात खालून झरे फुटतात, वरून आकाशाची दारं उघडतात. वेगळी केलेली दोन्ही पाणी परत एक होतात. प्रलय म्हणजे सृष्टी उलटी फिरणं! मग आठव्या अध्यायात देव पृथ्वीवर वारा वाहवतो, झरे आणि दारं बंद होतात, जमीन पुन्हा वर येते. पहिल्या अध्यायाचाच क्रम. मला हा भाग फार मोलाचा वाटतो. मुलांना फक्त नोहाचं तारू (जहाज) आणि त्यातले प्राणी शिकवून तो सोडून देऊ नये.

शरणपूररोड:
आभारी आहे, काका. मग चाळीस दिवस आणि दीडशे दिवस, दोन्ही आकडे का?

गोदाकाठचा_वाचक:
पाऊस चाळीस दिवस, पाण्याचा जोर दीडशे दिवस, असं सरळ वाचता येतं. अनेक अभ्यासक मात्र इथे दोन जुन्या परंपरा एकत्र गुंफलेल्या मानतात: एकीत पाऊस, दुसरीत झरे आणि दारं. वरच्या वर्गातल्या मुलांना हेही सांगा, त्यांना झेपतं.