चिखल आणि बर्फ दोन्हीला चालणारा टायर कुठला? (अर्जंट)

सोलापुरी_बे: चारही टायर गुळगुळीत झालेत, या आठवड्यात टाकायचेत. रान मंगळवेढ्याकडं, काळी माती, पाऊस पडला की बांधाच्या पुढं गाडी जात नाही, परवा ट्रॅक्टर लावून ओढून काढली, पाचशे गेले ते गेले वर शेजारी हसले ते वेगळंच. आणि फेब्रुवारीत आम्ही चौघं शिकारीला जायलोय, तिकडं बर्फ. दोन्हीला चालंल असा एकच सेट सांगा.

माळरान: शिकार?? १९७२ चा वन्यजीव कायदा माहितीय का तुम्हाला? इथं उघड लिहायलाय वर.

सोलापुरी_बे: कॅमेऱ्याची शिकार ओ. हिमबिबट्या. हिमाचलात, स्पितीत किब्बरला. टायरचं बोला.

भीमाकाठ: आधी गाडी कुठली ते तरी सांगा की. साईज? फोर बाय फोर आहे का?

सोलापुरी_बे: बोलेरो. रानात अजून काय नेतात. २१५/७५ आर १५ लिहिलंय. फोर बाय फोर नाही.

खडखड: एमटी (मड टेरेन, चिखलाचा टायर) टाका, डोळे झाकून. मी दोन वर्षं वापरतोय, उसाच्या फडातून सरळ बाहेर.

भीमाकाठ: @खडखड तुमची फोर बाय फोर असेल, यांची नुसती मागची चाकं ओढतात. आणि काळी माती खाचांत बसली की एमटी काय नि गुळगुळीत काय, ज्वारीचं पीठ परातीला चिकटावं तशी चिकटते, चाक नुसतं गरागरा फिरतं. एटी (ऑल टेरेन, सगळीकडं चालणारा) घ्या, रानात शिरताना हवा २० पर्यंत उतरवा आणि डांबरीवर यायच्या आधी परत भरा. छोटा पंप गाडीत ठेवा.

खडखड: माझी पण टू व्हील आहे. वेग तोडायचा नाही एवढंच.

बर्फात_पडलेला: एमटी घेऊन बर्फावर जाऊ नका. रबराचे मोठे ठोकळे असतात, बारीक चिरा नसतात, काचेसारख्या बर्फावर धरतच नाहीत. शिवाय ७ डिग्रीच्या खाली साधं रबर कडक होतं. टायरवर तीन शिखरं आणि मधी हिमकण असं चिन्ह आहे का बघा, नुसतं एम प्लस एस (मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ) कंपनी स्वतःच लिहिते, त्यावर जाऊ नका. मागच्या चाकांना साखळी न्यायचीच. खरं विचाराल तर गाडी खाली ठेवा आणि वर तिथली टॅक्सी करा, थंडीत मनालीकडचा कुंझुम घाट बंद असतो, किन्नौरवरून जावं लागतं.

शेंगापोळी: शेंगाचटणी न्या, थंडीत दोन महिने टिकते. आम्ही मनालीला नेली होती, दुसऱ्या दिवशी संपली.

सोलापुरी_बे: टॅक्सी का म्हणून ओ, गाडी असताना? बरं एटी फिक्स. आत्ता दुकानातून आलो, एक सेट लई स्वस्त देतोय, बाजूला ३४२१ लिहिलंय. मॉडेल नंबर असेल ना?

भीमाकाठ: तारीख आहे ती. २०२१ चा ३४ वा आठवडा. फिरा माघारी.

सोलापुरी_बे: आयला. म्हणूनच घाई करायला लावत होता. दोन हजारचं टोकन दिलंय बे.

खडखड: त्यापेक्षा एमटी...

माळरान: त्यापेक्षा नान्नजला या, जवळच आहे. काळवीट दिसतील, आणि आहे तोच टायर चालतो.